रेघ नसलेली बाई

जावईबापू, आधी मला एक सांगा. भरवसा कुणावर ठेवावा माणसाने? ज्याने सगळं पाहिलंय त्याच्यावर, की ज्याला अजून नीट दिसतंय त्याच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. बसा. तो दिवा जरा अलीकडे ओढा आणि दार लोटून घ्या. चिमीच्या कानावर हे जायला नको. आता ती तुमची बायको, एका लेकीची आई, पण माझ्या तोंडून अजून चिमीच निघतं, त्याला इलाज नाही.

उद्यापासून दुकानाच्या किल्ल्या तुमच्याकडे. माल कुठे काय आहे ते दाखवून झालं. काचा कुठे उभ्या ठेवायच्या, चौकटीच्या पट्ट्यांना ओल कशी लागते, तेही सांगितलं. गिऱ्हाइकांचे स्वभाव तुम्हाला हळूहळू कळतीलच. एक निवृत्त मास्तरीणबाई येतात, चौकट घेतात, दुसऱ्या दिवशी परत आणतात. रागावू नका, चहा पाजा. त्यांना चौकट नको असते, बोलायला माणूस हवं असतं. अशा गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही, पण दुकानाला दुकानपण त्यांच्यामुळे असतं.

राहिली एकच गोष्ट. मघाशी तुम्ही विचारलंत, "बाबा, आतल्या खोलीत त्या एकाच चित्रावर कापड का?" मी म्हटलं, धूळ बसते. खोटं बोललो. एवढी वर्षं मी धूळ विकत आलोय, चित्रांवर बसू दिली तर बिघडतं काय?

ऐका तर मग.

मी शाळेत फार टिकलो नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. फुटपाथवर चटई पसरून चित्रं विकायला बसलो. कागद बोटांनी ओळखायला शिकलो, शाई वासावरून आणि गिऱ्हाईक चालीवरून. दुकान झालं तेव्हा सगळीकडे डोंगर विकले जात, फुलं विकली जात, राजवाडे विकले जात. माझ्या डोक्यात आलं की आपला रस्ताच का विकू नये? हा समोरचा, रोजचा. न्हाव्याचं दुकान, हातगाडी, सायकली, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. तुमच्या सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "जे रोज फुकट दिसतं ते पैसे देऊन कोण घेईल?"

मी म्हटलं, "जो हे शहर सोडून गेलाय तो."

आपल्या मागच्या अंगणाच्या पलीकडे तेव्हा छापखाना होता. आता तिथे गाड्या उभ्या असतात. दगडांवर चित्र काढून छापायचा छापखाना, आणि तो चालवणारा म्हातारा, म्हणून सगळे त्याला दगडूकाका म्हणत. खरं नाव मलाही माहीत नव्हतं. चित्र तोच काढायचा, तोच छापायचा. एका रंगाला एक दगड, गुळगुळीत, पाटाएवढा. त्यावर तेलकट काळ्या कांडीने काढायचं, आणि काढायचं सगळं उलटं, आरशात दिसतं तसं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. काका आयुष्यभर उलटं काढत आलेला. मी चेष्टा करायचो, "काका, तुम्ही स्वतःची सहीसुद्धा उजवीकडून डावीकडे करत असाल." तो म्हणायचा, "बायकोनेच उलटं करून ठेवलंय, शेठ, दगडाला कशाला नावं ठेवता?"

काका आपल्या या दुकानावरच्या माडीच्या खिडकीत बसून रस्ता बघायचा आणि टिपून घ्यायचा. बातमी रस्ताभर पसरली. समोरचा न्हावी दुकानात येऊन गुपचूप सांगून गेला, "शेठ, त्यांना सांगा, माझं पोट जरा आत घ्यायला. चित्र कायमचं राहणार ना?" हातगाडीवाला मुद्दाम स्वच्छ सदरा घालून येऊ लागला, तर काकाने त्याला हाकलला. "रोजचाच घाल. मला रोजचा रस्ता काढायचाय, तुझं लग्न नाही."

आणि आपल्या दुकानाच्या पायरीवर चिमी. तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. पिवळा फ्रॉक, केसांत लाल रिबीन, मान खाली घालून चपलेचा बंद लावतेय. काकाने तिला अशी काढली होती की बघणाऱ्याला वाटावं, हाक मारली तर ही मान वर करील. मी तर म्हटलं, चित्रातलं बाकी काही नसतं तरी हे विकलं असतं.

पिवळा छापून झाला, लाल छापून झाला. मग निळा, आणि सगळ्यात शेवटी काळ्या रेघा, असा बेत होता. निळ्यासाठी काकाने एक जुना दगड आणला होता, कुठलासा छापखाना बंद पडला तिथला. जुना दगड वाळू आणि पाणी घालून घासतात, आधीचं चित्र जातं, आणि दगड पुन्हा कोरा होतो. पण तेल दगडात खोल मुरतं. घासायला कमी पडलं, तर छापता छापता जुनं चित्र हळूच वर येतं. या धंद्यात हे घडतं, त्यात भुताटकी काही नाही. दगड पुन्हा घासायचा, झालं. मी काकाला विचारलंही होतं, "आधी काय होतं यावर?"

"असाच कुठलातरी रस्ता होता म्हणे," काका म्हणाला.

निळा छापायचा दिवस. भर दुपार, लख्ख ऊन. काका दिव्याखाली रंग कधी छापायचा नाही. म्हणायचा, दिव्याखाली रंग खोटं बोलतात. मी दुकानात एका काचेला कागद चिकटवत होतो. मागून यंत्राचा आवाज येत होता, तो ओळखीचा कुरकुर आणि मग दबका धप्प. कुरकुर, धप्प. समोर पायरीवर चिमी खेळत बसलेली. रस्ता नेहमीचा.

मग काकाची हाक आली. "शेठ, जरा येता का इकडे?"

हाक साधीच होती. मी अंगण ओलांडून गेलो. आत जवसाच्या तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. माथ्यावर दोऱ्या, आणि त्यांवर छापलेले कागद ओळीने वाळत घातलेले. काळ्या रेघा अजून पडायच्या होत्या ना, त्यामुळे सगळी माणसं नुसती रंगाची होती. चेहरा कुणालाच नाही. ती एक अवस्था असते चित्राची, मला ती कधीच आवडली नाही.

काकाने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "ही कोण?"

रस्त्याच्या पार टोकाला, वळणावर, एक निळा डाग होता. उंच, सरळ. डोक्यापासून पायापर्यंत एकच निळा, जसं कुणी डोक्यावरून कापड ओढून उभं असावं. बाईच होती. कशावरून ते मला विचारू नका.

"जुनं चित्र वर आलं," मी म्हटलं. "घासायला कमी पडलात, काका."

"तसंच वाटलं मला," काका म्हणाला. पण त्याचा आवाज तसा नव्हता. "पुढचे बघा."

मी दोरीच्या कडेने चालू लागलो. दुसऱ्या कागदावर ती वळणावर नव्हती. वळण सोडून अलीकडे आली होती. त्याच्या पुढच्या कागदावर आणखी अलीकडे. म्हटलं, कागद सरकला असेल छापताना. कोपऱ्यातल्या खुणा पाहिल्या, तर खुणेवर खूण बरोब्बर बसलेली.

"कागद सरकला असता तर सगळेच सरकले असते," काका मागून हळूच म्हणाला. "बाकी सगळे जागेवर आहेत."

मी चालत होतो, आणि कागदाकागदावर तीही चालत होती. मी थांबलो की ती थांबल्यासारखी वाटायची. जावईबापू, भर दुपारी, उघड्या दाराशी, मला माझ्याच पावलांचा आवाज नकोसा झाला. पाय उचलला तर तीही उचलील असं वाटायला लागलं.

मग मला दुसरं दिसलं. न्हाव्याच्या दुकानावरून ती पुढे गेल्यावर न्हाव्याच्या एप्रनमधला निळा गेला होता. मागच्या कागदांवर होता. पुढच्यांवर ती जागा नुसती कोरी, पांढरी. हातगाडीवाल्याच्या जवळून ती गेली, तर त्याच्या सदऱ्याचा निळा गेला. ज्याच्या अंगावरून ती गेली, त्याचा तेवढा रंग जात होता. आणि ती मात्र कागदागणिक गडद होत होती.

रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला काय आहे, तुम्हाला माहीत आहे. आपलं दुकान. आपली पायरी.

शेवटच्या वाळत घातलेल्या कागदावर ती पायरीपासून हातभर होती. हात पुढे केलेला.

"थांबवा," मी म्हटलं. "काका, यंत्र थांबवा."

"दगडाला शाई लावून झालीय, शेठ... कागद आत गेलाय..." काका चाकाला हात लावून उभा होता, आणि शपथेवर सांगतो, तो चाक फिरवत नव्हता. त्याचे हात नुसते त्यावर होते. चाक आपल्या भाराने निघालं होतं. कुरकुर...

मी धावलो. अंगण, मागचं दार, दुकान. काचेवर पाय पडला, काच फुटली, कळलंही नाही. दारातून आधी समोर पाहिलं. न्हावी त्याच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता, अंगाभोवती टॉवेल गच्च ओढून. मला पाहून ओरडला, "शेठ, आत्ता कोणीतरी अंगावरून गेलं हो! ओलं... गार..." हातगाडीवाला रस्त्यातच उकिडवा बसला होता, दोन्ही हात काखेत खुपसून. ऊन तसंच रणरणत होतं.

चिमी पायरीवर उभी होती. एक पाय चपलेत, एक उघडा. उजवा हात वर केलेला, मोठ्या माणसाने धरल्यावर लहान मूल धरतं तसा. वर कोणीच नव्हतं.

"चिमे..."

ती वळली नाही. वर बघतच म्हणाली, "बाबा, या मागतायत."

"काय मागतायत?"

"चेहरा. थोडा वेळ देऊ का म्हणतात..." आणि मग जरा रडवेली होऊन, "परत देतील ना?"

मी तिला कमरेला धरलं आणि ओढलं. ती आली नाही. समजतंय ना तुम्हाला? एवढीशी पोर, मी काचांच्या पेट्या उचलणारा माणूस, आणि ती माझ्याकडे आली नाही. पलीकडून कोणीतरी धरलं होतं. ओढत नव्हतं, झटत नव्हतं, नुसतं धरलं होतं. घाई नसलेल्या माणसासारखं. चिमीचं अंग गार पडत चाललं. तिच्या गालाकडे पाहिलं, तर गाल... कसं सांगू, आपण ओल्या चित्रावरून बोट फिरवलं की कड जशी पसरते तशी तिच्या हनुवटीची कड मला दिसेनाशी झाली. उन्हामुळे असेल. घामामुळे असेल. मी डोळे मिटले आणि तिला छातीशी घट्ट धरून बसलो. ओरडलोही असेन, कुणाला माहीत.

मागून यंत्राचा धप्प आवाज आला.

आणि मग काही नाही. शांत. किती वेळ ते मी सांगू शकत नाही.

आणि एकदम ती सुटली. आम्ही दोघं दारात मागे कोसळलो. चिमी मोठमोठ्याने रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढे तिच्या लग्नातही वाटलं नाही, राग मानू नका. तिचा उजवा तळहात निळा झाला होता. साबणाने गेला नाही, रॉकेलने गेला नाही. ती मोठी होत गेली तसा आपोआप फिका झाला.

सुटली कशी, ते काकाने सांगितलं. यंत्रातून कागद निघाला तेव्हा त्यावर त्या बाईने चिमीचा हात धरलेला होता. काकाने जे पाहिलं त्यावरून त्याला एकच सुचलं, आणि ते त्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. चित्रातल्या प्रत्येकाला रेघ मिळणार होती. न्हाव्याला, गाडीवाल्याला, चिमीला. रेघ मिळाली की माणूस चित्रात जागच्या जागी बसतो. हिला रेघच नाही. म्हणून ही चालते.

काळ्या रेघांचा दगड शेजारीच तयार होता. काकाने कांडी उचलली आणि निघालेल्या कागदाकडे बघत बघत, चिमीच्या शेजारी, त्या बाईची कड काढायला घेतली. डोकं, खांदा, पाठ, पाय. "पायाशी रेघ रेघेला मिळाली," तो म्हणाला, "आणि पोरीचं रडणं ऐकू आलं."

मग त्याने तो एकच कागद काळ्यात छापून पाहिला. छापला आणि मला हाक मारली.

उलटं काढायचं असतं, म्हणालो ना? आयुष्यभर उलटं काढणारा माणूस त्या दिवशी घाबरून सुलटं काढून बसला होता. जागा बरोबर होती, कारण दगडावरच्या चिमीच्या शेजारी काढली. पण तोंड दुसरीकडे. कागदावर ती बाई चिमीकडे पाठ करून उभी राहिली. आत निळा चिमीकडे वळलेला, आणि त्याच्याभोवती रेघ मात्र रस्त्याकडे तोंड केलेली.

"चुकलो, शेठ," काका म्हणाला.

मी म्हटलं, "काका, तुमच्या हातून यापेक्षा चांगलं काही झालं नाही."

"तिचा चेहरा..." काका म्हणाला, "तेवढा मी भरला नाही. हात होईना. नुसती कड आहे."

बाकीचे कागद पाहिले, तर कुठेच ती नव्हती. वळण मोकळं, रस्ता मोकळा. जी होती ती त्या एका कागदात. काकाने निळ्याचा दगड घासायला घेतला. दिवसचे दिवस घासला, मध्येच उभा तडकला तेव्हा थांबला. मोकळे कागद मी जाळले. तो एक जाळायला घेतला, तर काकाने हात धरला. "रेघ जळेल, शेठ. रंग कुठे जाईल?"

म्हणून ते चित्र चौकटीत आहे, काचेआड आहे, आणि विकाऊ नाही. एका गिऱ्हाइकाने कोरा चेक ठेवला होता पुढे. त्याला मी डोंगर विकला.

न्हावी चार दिवसांत बरा झाला. त्याचा निळा एप्रन मात्र पांढराफटक पडला. त्याची बायको धोब्याशी भांडून आली. हातगाडीवाला मला शेवटपर्यंत विचारत राहिला की चित्र कधी निघणार. बिचाऱ्याला काय सांगू?

तेव्हापासून मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी आत जातो, कापड बाजूला करतो आणि रस्त्यावरची माणसं मोजतो. मग रेघ बघतो. मग रेघेच्या आतलं बघतो. घरातले समजतात म्हातारा हात जोडायला जातो. समजू देत.

एवढी वर्षं हिशोब बरोबर लागला. आज सकाळी लागला नाही.

रेघ जागेवर आहे. पाठ केलेली, जशीच्या तशी. आत मात्र कोरा कागद.

थांबा, उठू नका. पूर्ण ऐका. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले होते की पिकत चालला की सगळं पिवळट दिसतं, निळा आधी फिका होतो. मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, निळा तिथेच असेल, मलाच दिसत नाही. आभाळ कुठे मला पूर्वीसारखं दिसतं? तुमचा हा शर्ट निळा आहे असं चिमी म्हणाली, मला तो राखाडी वाटतो.

मग दुपारी तुम्ही नळाखाली छोटीचा हात धूत होतात. म्हणत होतात, "कुठे गं शाई लावून घेतलीस, निघतही नाही." ती पायरीवर बसली होती ना? चपलेचा बंद लावत?

जावईबापू, तुमचा शर्ट मला राखाडी दिसतो. आभाळ राखाडी दिसतं. छोटीच्या तळहातावरचा निळा मात्र मला या दारातून दिसला. लख्ख.

आज तिला दोघांच्या मध्ये घेऊन झोपा. या खणात काकाची काळी कांडी आहे, ती जवळ ठेवा. पाट्या रंगवायचात तुम्ही, तुमचा हात चांगला आहे. मला सरळ रेघ येत नाही. आणि उजाडलं की आत जा. दिव्याखाली बघू नका. माणसं मोजा, रेघ बघा, रेघेच्या आतलं बघा, आणि मग पायरी बघा. जे दिसेल ते मला येऊन सांगा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एक जास्त सांगू नका, आणि मी घाबरवलं म्हणून एक कमी मोजू नका. दुकानाच्या हिशोबात तुम्ही चुकलात तर मी हसून सोडून देईन. हा एक तेवढा प्रामाणिकपणे ठेवा.